बुटांचा एक जोड, चौदा दिवस आणि पाच वर्षं

लीड्सहून एका ताईंचा प्रश्न आलाय. जावई इंग्रज आहेत. त्यांचं घराणं शोधून काढायचा नाद ताईंना लागला, आणि शोधता शोधता जावयांचे खापरपणजोबा सापडले ते थेट लीड्सच्याच कोर्टाच्या नोंदीत. साल १८६२, वय ११, गुन्हा बुटांचा एक जोड चोरल्याचा. शिक्षा: १४ दिवस सक्तमजुरी आणि त्यानंतर ५ वर्षं रिफॉर्मेटरी शाळा, म्हणजे सुधारशाळा. ताई विचारतात, बुटांच्या एका जोडासाठी पाच वर्षं? की खरा गुन्हा मोठा होता आणि नोंदीत दडवलाय? पोराला शाळेतच घालायचं होतं तर आधी तुरुंग कशाला? जनगणनेच्या कागदात तो कुठेच का दिसत नाही? आणि हे सगळं विहीणबाईंना सांगावं की पोटात ठेवावं?

शेवटच्याचं आधी सांगते. खुशाल सांगा. घराण्यात एखादा कैदी निघाला की इंग्रज माणसं खट्टू न होता उलट खुर्ची पुढे ओढून बसतात, असा माझा अनुभव आहे.

बाकीच्या प्रश्नांना जरा वेळ लागेल. मी सत्तावीस वर्षं परिविक्षा अधिकारी होते, म्हणजे लोकांच्या भाषेत 'रिमांड होमच्या बाई'. निवृत्तीनंतर समाजकार्याच्या मुलामुलींना बालन्याय कायद्याचा इतिहास शिकवला. तेव्हा या इंग्रजी नोंदी आणि त्यामागचे कायदे बरेच चाळून झालेत.

तर नोंदीत काहीही दडवलेलं नाही. गुन्हा बुटांचाच. फक्त ती पाच वर्षं बुटांची किंमत नव्हेत. बुटांची किंमत ते चौदा दिवस.

हे नीट कळायला दोन कायदे शेजारी ठेवावे लागतात. १८४७ च्या कायद्याने चौदा वर्षांखालच्या मुलांच्या किरकोळ चोऱ्या मोठ्या कोर्टात न नेता स्थानिक मॅजिस्ट्रेटांसमोर झटपट निकाली काढायची सोय झाली. त्यात तुरुंगवास जास्तीत जास्त तीन महिने, मुलगा असेल तर वर फटके. (१८६२ मध्येच दुसरा कायदा होऊन चौदाखालच्या मुलाला बर्चच्या छडीचे बारापेक्षा जास्त फटके मारायचे नाहीत असं ठरलं. त्याआधी आकडा मारणाऱ्याच्या मर्जीवर.) म्हणजे तुमच्या जावयांच्या खापरपणजोबांना निव्वळ शिक्षाच द्यायची असती तर ते फार तर तीन महिन्यांनी घरी आले असते. दुसरा कायदा १८५४ चा. सोळा वर्षांखालच्या गुन्हेगार मुलाला किमान चौदा दिवस तुरुंगात ठेवून मग दोन ते पाच वर्षं सुधारशाळेत पाठवायचा अधिकार त्याने कोर्टाला दिला. मॅजिस्ट्रेटने पाच निवडली. या माणसाला पोराची कणव आली असणार, असं मी त्या आकड्यावरून म्हणेन. उलटं वाटतं ना? पण तसंच आहे.

त्या काळातले सुधारक काय बघत होते ते बघा. पोरगं चौदा दिवस आत, मग बाहेर, मग महिनाभर आत, मग तीन महिने. प्रत्येक खेपेला मोठ्या चोरांच्या संगतीत थोडं आणखी शिकून यायचं. त्याआधीची व्यवस्था तर याहून भयंकर. १८२५ पासून चॅथमला युरायलस नावाचं मोडकं जहाज खास पोरांचा तुरुंग म्हणून उभं होतं. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानियात, तेव्हाच्या व्हॅन डीमेन्स लँडमध्ये, काळ्या पाण्यावर पाठवलेल्या मुलांसाठी १८३४ मध्ये पॉइंट प्युअर उघडलं. १८३८ मध्ये आइल ऑफ वाइटवर पार्कहर्स्टचा मुलांचा तुरुंग सुरू झाला. तिथे सुरुवातीला पोरांच्या पायात बेड्या असत. पार्कहर्स्टमधून सुमारे पंधराशे मुलं ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या वसाहतींत धाडली गेली.

यावर उठलेल्या माणसांत सगळ्यांत ठाम आवाज ब्रिस्टलच्या मेरी कार्पेंटर यांचा. धर्मोपदेशकाची मुलगी, लग्न केलं नाही, गल्लीतल्या फाटक्या पोरांसाठी शाळा चालवत होत्या. १८५१ मध्ये सुधारशाळांवर त्यांचं पुस्तक आलं, त्याच डिसेंबरात बर्मिंगहॅमला या विषयावर परिषद भरली. १८५२ मध्ये त्यांनी ब्रिस्टलजवळ किंग्जवूडला शाळा काढली, १८५४ मध्ये मुलींसाठी रेड लॉज. रेड लॉजची इमारत कवी बायरनच्या विधवा लेडी बायरन यांनी विकत घेऊन दिली होती. फ्रान्समध्ये तूरजवळ मेट्रे इथे डेमेत्झ नावाच्या न्यायाधीशाने शेतावरची वसाहत उभारली होती: भिंती नाहीत, मुलांची 'कुटुंबं' पाडलेली, प्रत्येक कुटुंबाला एक प्रमुख. तो नमुना पाहून इंग्लंडातही शेतशाळा निघाल्या. सरे परगण्यातली रेडहिलची शाळा १८४९ ची, तिची पायाभरणी राणीच्या नवऱ्याने, प्रिन्स अल्बर्टने केली.

या मंडळींचं म्हणणं असं की तुरुंगाची मुदत गुन्ह्यावरून ठरते, पण मूल घडवायला किती काळ लागेल ते गुन्ह्यावरून कसं ठरणार? बूट चोरलेल्या पोरालाही तेवढाच लागेल, घड्याळ चोरलेल्यालाही तेवढाच. वाईट घर, वाईट गल्ली, वाईट संगत यांपासून ते लांब राहिलं पाहिजे, वाचायला शिकलं पाहिजे, हाताला धंदा लागला पाहिजे. ते दोन महिन्यांत होत नाही. म्हणून पाच वर्षं. शिक्षा असती तर एवढी लांब कुणी दिली नसती. उपकार होता म्हणून लांबली.

माझ्या नोकरीतला एक प्रसंग इथे सांगते. एक आई व्हरांड्यात बसून होती, मुलाला ठेवून घ्यायचा आदेश नुकताच झाला होता. तिने विचारलं, "किती शिक्षा झाली ओ?" मी नवी होते, उत्साहात तिला समजावून सांगितलं की मावशी, ही शिक्षा नाही, त्याच्या भल्यासाठी ठेवलंय. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. पण म्हंजी किती?" तिचा प्रश्न मला पुढची सगळी वर्षं पुरला. लीड्सच्या त्या आईनेही १८६२ मध्ये हाच हिशेब केला असणार.

आता ते चौदा दिवस. यावरून सुधारकांमध्येच चांगली जुंपली होती. मेरी कार्पेंटर म्हणत, मूल तुरुंगात पाऊलच टाकता कामा नये. एकदा तिथला शिक्का बसला की पुढे शाळा काय करणार? समोर होते सिडनी टर्नर. हे रेडहिलचे पाद्री, पुढे १८५७ मध्ये सुधारशाळांचे पहिले सरकारी निरीक्षक झाले. त्यांचं मत की केलेल्या अपराधाचं प्रायश्चित्त आधी वेगळं झालं पाहिजे, मग शाळा. त्यांच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद होता आणि संसदेला तोच पटला. प्रामाणिक मजुराच्या पोराला ना पोटभर जेवण, ना बूट, ना शिक्षण. आणि चोराच्या पोराला हे सगळं सरकारी खर्चाने? मग मजुराने पोराला चोरीच करायला सांगावं की! तेव्हा शाळेच्या दाराशी तुरुंगाचा उंबरठा ठेवायचाच, असं ठरलं. १८६६ च्या कायद्याने चौदाचे दहा दिवस केले. १८९३ मध्ये तुरुंग ऐच्छिक झाला, आणि तो पुरता काढून टाकायला १८९९ साल उजाडलं. मेरी कार्पेंटर १८७७ मध्येच गेल्या होत्या.

चौदा दिवस ऐकायला थोडे वाटतात म्हणून सांगते की सक्तमजुरी म्हणजे काय. जुने डांबरलेले दोरखंड बोटांनी उकलायचे, धागा न् धागा सुटा करायचा. अकरा वर्षांच्या बोटांची सालं निघायची. नाहीतर क्रँक. पेटीला लावलेला एक दांडा, तो गोल फिरवायचा, त्यातून काहीही तयार होत नाही, पेटीवरचा आकडा तेवढा वाढतो. बर्मिंगहॅमच्या तुरुंगात दिवसाला दहा हजार फेऱ्यांचा हिशेब होता, न्याहारीआधी दोन हजार. पुरे झाले नाहीत तर जेवण तोडायचे. तिथे १८५३ मध्ये एडवर्ड अँड्र्यूज नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाने गळफास घेतला. त्याचा गुन्हा चार पौंड मांस चोरल्याचा, शिक्षा तीन महिन्यांची. फेऱ्या पुऱ्या होईनात म्हणून त्याला भिंतीला आवळून बांधलं होतं, अंगावर गार पाणी ओतलं होतं. चौकशी आयोग बसला, देशभर बोभाटा झाला. दुसऱ्याच वर्षी सुधारशाळांचा कायदा झाला, यात त्या मुलाचाही वाटा आहे असं मी मानते. तरीही चौदा दिवस राहिलेच. आणि वयाचं म्हणाल तर १८७० मध्ये ऑक्सफर्डच्या तुरुंगात सात वर्षांची एक मुलगी बाबागाडी चोरली म्हणून सात दिवस सक्तमजुरीला होती. सातच्या आत गुन्हाच धरत नाहीत, सात ते चौदामध्ये मुलाला बरंवाईट कळत होतं का ते बघायचं, असा इंग्रजी कायदा होता. ती मुलगी त्या रेषेवरच उभी होती. आपल्या दंडसंहितेत सात आणि बारा या वयांच्या मर्यादा आल्या त्या याच मुळावरून.

शाळेतला दिवस मी लांबवत नाही. पहाटे उठणं, प्रार्थना, शेतात किंवा कारखान्यात काम, दोनेक तास लिहिणं-वाचणं, पुन्हा काम. मुलींना धुणं, इस्त्री, शिवण, म्हणजे पुढे मोलकरीण व्हायची तयारी. लाँड्रीच्या पैशावर शाळेचा बराच खर्च निघायचा. फटके होते, कोंडून ठेवणं होतं. पळून गेलेला सापडला तर तीन महिन्यांपर्यंत तुरुंग.

पैशाचा भाग मात्र बघायलाच हवा, कारण त्याशिवाय व्यवस्थेचा स्वभाव कळत नाही. या शाळा सरकारी नव्हत्या. धर्मादाय मंडळं त्या चालवत, सरकार तपासून प्रमाणपत्र देई आणि दर मुलामागे आठवड्याला साधारण सहा शिलिंग मोजी. वर आईबापांकडून आठवड्याला पाच शिलिंगपर्यंत वसूल करायचा अधिकार. दहा-बारा शिलिंग कमावणाऱ्या शेतमजुराला पाच शिलिंग म्हणजे निम्मा पगार. तेवढे क्वचितच लावले जात, पण एक-दीड शिलिंगासाठीही माणसं मागे लागत. मुलाला चोरीला सोडून आईबापांनी जबाबदारी झटकू नये हा हेतू. तोही तितकासा खोटा नव्हता. पण दरडोई पैसे मिळू लागले की खाट रिकामी ठेवणं संस्थेला परवडत नाही, हे मी आमच्याकडेही पाहिलंय. आणि चार वर्षं धंदा शिकलेलं, नांगर धरणारं पंधरा वर्षांचं पोर लवकर सोडायला कोणता व्यवस्थापक राजी होईल? १८६६ च्या कायद्यात अठरा महिन्यांनंतर मुलाला 'लायसन्स'वर बाहेर कामाला ठेवायची मुभा होती. ती द्यायची की नाही, हे व्यवस्थापकाच्या हातात.

१८५७ पासून औद्योगिक शाळा नावाची दुसरी जात आली. भीक मागणारी, बेघर, वाया जातील अशी वाटणारी मुलं तिथे. गुन्हा शाबीत व्हायची गरजच नाही. शतक संपेपर्यंत त्यांतली मुलं सुधारशाळांतल्या मुलांच्या कितीतरी पट झाली. उपकाराचं दार एकदा उघडलं की आत घ्यायला मुलं कमी पडत नाहीत.

सगळ्यांत वाईट नाव होतं ते जहाजांवरच्या शाळांचं. नौदलाची निकामी जहाजं नदीत नांगरून त्यांवर दोन-अडीचशे मुलं ठेवत, खलाशी घडवायला. लिव्हरपूलपाशी मर्सी नदीत प्रोटेस्टंट मुलांसाठी अकबर आणि कॅथलिक मुलांसाठी क्लॅरेन्स. क्लॅरेन्स १८८४ मध्ये मुलांनीच पेटवून दिलं, बदली जहाजही १८९९ मध्ये जळालं; अकबरवर १८८७ मध्ये बंड झालं. जहाजावरून पळायला वाट नसते, त्यामुळे मुलं जहाजच संपवायला निघाली, एवढाच मी त्याचा अर्थ लावते. लंडनजवळ टेम्सवर पर्फ्लीटला कॉर्नवॉल नावाचं असंच जहाज होतं. १८६८ पासून त्या नावाखाली जे जहाज उभं राहिलं ते मूळचं वेलस्ली, आपल्या मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडियांच्या हाताखाली मलबारी सागवानातून बांधलेलं, १८१५ मध्ये पाण्यात उतरलेलं. १८३९ मध्ये त्याच जहाजाच्या तोफांनी कराची घेतली. मग म्हातारपणी ते लंडनच्या चोरट्या पोरांची शाळा झालं, आणि १९४० च्या सप्टेंबरात जर्मन बॉम्बनी बुडालं. मुंबईच्या कारागिरांनी रंधा मारलेल्या त्या फळ्या घासत कितीएक इंग्रज पोरांची पाच-पाच वर्षं गेली.

आपल्याकडचा धागा एवढाच नाही. मेरी कार्पेंटर १८६६ मध्ये पहिल्यांदा हिंदुस्थानात आल्या, मुंबईसह बऱ्याच ठिकाणी शाळा आणि तुरुंग पाहून गेल्या, नंतर आणखी तीनदा आल्या. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा १८५७ पासूनच होती. १८७६ मध्ये हिंदुस्थानसाठी सुधारशाळांचा कायदा झाला, १८९७ मध्ये तो नव्याने आला. त्या १८९७ च्या कायद्यातलं एक कलम मी विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला लावायची. पंधराखालच्या मुलाला कोर्ट तुरुंगाच्या शिक्षेऐवजी तीन ते सात वर्षं सुधारशाळेत पाठवू शकेल, असं त्यात आहे. 'ऐवजी'! खुद्द इंग्लंडात तुरुंगाचा उंबरठा अजून पुरता निघाला नव्हता तेव्हा आपल्या कायद्यात कार्पेंटरबाईंचं म्हणणं उतरलं होतं. मात्र मुदत पाचाची सात झाली, आणि मुली त्यात नव्हत्याच.

आता तुमचं काम. जनगणनेत तो तुरुंगात किंवा शाळेत दिसणार नाही, कारण १८६१ ची जनगणना एप्रिलात झाली, तेव्हा तो घरी असणार. तिथे आईबापांच्या नावाने शोधा, मुलाचं नाव चुकीचं लिहिलेलं असू शकतं. १८७१ पर्यंत त्याची मुदत केव्हाच संपली होती. म्हणजे शाळेतली सगळी वर्षं बरोबर दोन जनगणनांच्या फटीत पडलीत. चौदा दिवस बहुधा आर्मलीच्या तुरुंगात गेले असतील, शहराचा तुरुंग तोच. शाळेसाठी आधी लीड्सजवळच्या अॅडेलची चौकशी करा, नाही मिळाला तर मर्फील्ड आणि कॅसल हॉवर्ड. घराणं आयरिश किंवा कॅथलिक असेल तर थेट मार्केट वेटन, कारण शक्यतो आईबापांच्या धर्माचीच शाळा बघत. वेस्ट यॉर्कशायरच्या अभिलेखागारात त्या भागातल्या सुधारशाळांच्या १८५६ पासूनच्या नोंदवह्या आहेत. चौदा दिवसांच्या तारखा लागल्या की त्या आठवड्याची स्थानिक वर्तमानपत्रं काढा. मॅजिस्ट्रेट काय म्हणाला, आई कोर्टात रडली का, बूट कुठे गहाण टाकले, हे बातमीदार चवीने लिहायचे.

नोंदवही मिळाली तर घाई करू नका. उंची, केसांचा रंग, वाचता येतं का, आधी किती वेळा धरला, बाप काय करतो, हे सगळं एका पानावर असतं. 'लायसन्स' असा शब्द आणि त्यापुढे तारीख दिसली तर पोरगं पाच वर्षांच्या आत सुटलं. सुटल्यावर कुठे गेला याचाही रकाना असतो, कारण पुढची तीन वर्षं मुलाचं कसं चाललंय ते व्यवस्थापकांना सरकारला कळवावं लागे. शेत, समुद्र, पलटण, कॅनडा, नाहीतर नुसतं 'मित्रांकडे'. 'मित्र' म्हणजे घरची माणसं, त्यावरून गोंधळू नका.

आणि शिकवलेल्या धंद्याचा रकाना आधी बघा. शेतीखालोखाल या शाळांतला ठरलेला धंदा म्हणजे जोडे शिवणं. खापरपणजोबा पाच वर्षं बूटच शिवत बसले असतील, ही शक्यता बरीच आहे. सापडलं तर मला जरूर कळवा.